लिंबावरून विमान

परदेशात, किचनर गावी मी ज्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत होतो, ते आजोबा मूळचे पोलंडचे. महायुद्धात देश हातचा गेल्यावर कसेबसे इंग्लंडला पोचले आणि तिथून लढाऊ विमानं उडवली. नव्वदी कधीच उलटली होती, तरी बर्फ स्वतःच शोव्हल करायचे. मी मदतीला गेलो की फावडं हिसकावून घ्यायचे. एकच हट्ट उरला होता: मरण्याआधी पुन्हा एकदा तरी विमान हातात घ्यायचं. डॉक्टर दर वर्षी नको म्हणत. २०१७च्या उन्हाळ्यात एकदाचे हो म्हणाले. जवळच्या फ्लाइंग क्लबनं एक छोटं विमान आणि तरुण पायलट दिला.

तेव्हा साताऱ्याहून आई माझ्याकडे आली होती. तीही निघाली, पोह्यांचा डबा आणि दोन लिंबं घेऊन. आजोबांनी विमानाच्या पायरीवर पाय ठेवला आणि आईनं मोबाइल काढून फोटो टिपला. घरच्या ग्रुपवर टाकायला उशीर व्हायला नको ना!

आजोबांनी पाय खाली घेतला. "नो फोटो बिफोर फ्लाइट! आधी उतरायचं, मग फोटो. आता आज नाही." पायलटनं समजावलं, मी हातापाया पडलो, ते सरळ गाडीकडे चालू लागले. पुढच्या वर्षी डॉक्टर हो म्हणतील याचा काय भरवसा? उडण्याआधी फोटो म्हणजे या वैमानिकांत अपशकुन, असं सांगत मी आईवर जाम भडकलो.

"अपशकुनच झालाय ना? मग उतरवून टाकू की," आई म्हणाली. तिनं आजोबांना गाठलं, त्यांच्यावरून लिंबू उतरवलं आणि विमानाच्या चाकाखाली ठेवलं. नव्या गाडीला करतात तसं.

"इज दॅट अ लाइम?" पायलट घाबरला.

"याचा उपयोग होतो?" आजोबांनी मला विचारलं.

"आमच्याकडे ट्रकसुद्धा याच्याशिवाय हलत नाही," मी ठोकून दिलं.

आजोबा परत विमानाकडे वळले. मग म्हणाले, "ढकला." आईसकट आम्ही तिघांनी विमान ढकललं, लिंबू फचकन फुटलं आणि आजोबा आत जाऊन बसले.

उतरले ते आनंदानं लालबुंद होऊन. "पोरानं कंट्रोल माझ्या हातात दिला!" मग आम्हाला विमानापुढे ओढलं. "आता फोटो. चौघंही पाहिजेत." मी सेल्फीसाठी हात लांब केला.

"युद्धातल्या त्या सकाळीही, उडण्याआधीच्या फोटोत आम्ही चौघं होतो," ते म्हणाले. "फोटो धुऊन आला तेव्हा बघायला मी एकटा."

आईला इंग्रजी कळत नव्हतं. "अरे, त्यांना जरा हसा म्हणावं," ती म्हणाली.

मला काही ते सांगवेना.