शक्कर: नहीं

देवासच्या मोटारस्टँडवर माझी ट्रंक टपावर चढवून दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "खिडकीशी बैस, मळमळेल." चपलेतून त्यांचा सुजलेला अंगठा दिसत होता. मी नवी डॉक्टर, तरी विचारलं नाही. मुंबईची धास्तीच एवढी होती की दुसरं काही सुचेना.

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. वर्षानुवर्षं अंगात मुरणारे आजार घरोघर जाऊन कसे शोधायचे, हे मी मुंबईच्या इस्पितळात शिकले. दोन वर्षांनी तेच माळव्यात इतरांना शिकवायला मला परत पाठवलं. प्रश्न आटोपशीर हवा, अशी तिथली ताकीद. आम्हा मराठी घरांत मधुमेहाला नुसतं 'साखर' म्हणत. मी ऐटीत त्याचं हिंदी केलं: 'घर में शक्कर है?'

देवासजवळच्या बागली गावात घरोघरी उत्तर आलं, 'नहीं'. मी खूश!

मग देवासचे कागद आले. मी बागलीत असताना आमच्या पथकातले मांगीलालभिया दादांकडेही जाऊन आले होते. 'शक्कर: नहीं.' मी दादांना चिडवलं, "माझ्या परीक्षेत पास झालात की!"

ते ओशाळले. "अगं, रजिस्टर बघून वाटलं रेशनचा कंट्रोलवाला आला. तू येणार म्हणून श्रीखंडापुरती साखर लपवली होती. जप्त झाली असती ना!"

मी हसले, आणि हसता हसताच बागलीचे कागद पुढे ओढले: सगळीकडे 'नहीं'. मांगीलालभिया मान खाली घालून म्हणाले, "बेनजी, सब लोग राशन की जाँच समझ्या होगा."

दादांची लघवी तपासली. स्पिरिटच्या दिव्यावर नळीतलं निळं औषध विटेसारखं लाल झालं, म्हणजे साखर भरपूर. अंगठा तोवर काळा पडला होता.

इंदूरला तो काढावा लागला, पाय वाचला. प्रश्न बदलून आम्ही बागलीत पुन्हा दारोदार फिरलो. एका घरी 'नहीं' म्हणणारी बाई आता नव्हती. तिला काय झालं होतं, कुणालाच सांगता येईना. त्या दारात मला जी भीती वाटली, ती अजून गेलेली नाही.

आता मुंबईत मीच हे काम शिकवते. देवासला राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, सगळेच घराबद्दल काय काय आठवत असतील! मला दादांचं कार्ड येतं: 'तबियत मजेत. काळजी नको.' ज्या घरातलं 'मजेत' खरं वाटत नाही, स्वतः जाऊन पाय बघेपर्यंत घास उतरत नाही, तेच माझं घर.