शर्मिष्ठेचा अंगुरी कुर्ता

शनिवार, २२ फेब्रुवारी २०२५. लखनौ.
हर्षला चौथ्या शनिवारची सुट्टी. सकाळी मॉलमध्ये गेलो. माझ्यासाठी गादी पाहिली. मऊ, मध्यम, कडक अशा तिन्ही गाद्यांवर निजून दाखवावे लागले. कपाटही ठरले, बुधवारी येणार. मनीषाचे डोके दुखत होते, ती आली नाही. चार वाजता चौक बाजारात जायचे आहे. शर्मिष्ठेचा कुर्ता राहिला आहे.

एवढं लिहून लीलावतीबाईंनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. जे खरं डाचत होतं ते वहीत उतरेना. पाहुण्यासाठी कुणी गादी घेत नाही. लोखंडी कपाट तर नाहीच नाही.

डिसेंबरात नागपूरच्या फ्लॅटमध्ये त्या न्हाणीघरात पडल्या. वरच्या मजल्यावरच्या शर्मिष्ठेनं आवाज ऐकला, दार तोडायला लावलं. पाय शाबूत राहिला, पण मुलगा हर्षवर्धन आणि सून मनीषा, दोघांचाही जीव थाऱ्यावर राहिला नाही. थोडे दिवस चल म्हणून तो त्यांना लखनौला विकास नगरच्या घरी घेऊन आला, आणि आता रोज चहाच्या वेळी एकच विषय काढत होता: आई, इथेच राहा, नागपूरची जागा काढून टाकू. बाईंचं उत्तरही ठरलेलं असे. ‘अगोदर खरेदी तर होऊ दे, मग बघू.’

लखनौला निघाल्या तेव्हा बिल्डिंगमधल्या प्रत्येकीनं काही ना काही आणायला सांगितलं होतं. कुणाला रेवडी, कुणाला अत्तराची कुपी, कुणाला टेबलावरचा रुमाल. ते सगळं घेऊन झालं. उरला तो शर्मिष्ठेचा चिकनकारीचा, लखनवी भरतकामाचा कुर्ता, तोही अंगुरी, हिरव्या द्राक्षांच्या रंगाचा. हज़रतगंजमध्ये रंग भडक निघाला, अमीनाबादमध्ये कापड झिरझिरीत निघालं, मॉलमधले तर त्यांनी हातात घेऊन तसेच परत टांगले. खोड निघाली नाही तर त्या काढत. आपण असं का करतो ते त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्यामुळेच रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता.

चौक बाजारातल्या गल्लीत गाडी जाईना. ती बाहेर लावून तिघं चालत निघाले, हर्षवर्धन पुढे, नात सानिका आजीचा हात धरून. दुकानात पांढरी चादर अंथरलेली होती.

“तशरीफ़ रखिए, अम्मा,” दुकानदार म्हणाला. “किसके लिए चाहिए?”

मॉलमध्ये हे कुणी विचारलं नव्हतं. बाई टेकल्या. “नागपुर की सहेली के लिए. अंगूरी रंग में. और ज़रा तब्येतीनं... मतलब भरी हुई है वो.”

कुर्ते उलगडत गेले. बाई प्रत्येक कुर्ता उलटा करून टाके पाहत होत्या, गाठी बोटानं चाचपत होत्या.

“आजी, कपड़ा ख़रीद रही हैं या इंटरव्यू ले रही हैं?” सानिका म्हणाली.

“तू गप गं. हर्ष, उभा राहा बघू सरळ.”

“मी कशाला?”

“शर्मिष्ठा घेरात तुझ्याएवढीच आहे.”

बँकेतला सीनियर मॅनेजर भर दुकानात हात पसरून उभा राहिला. सानिकानं अंगुरी कुर्ता त्याच्या छातीला लावला आणि तिला हसू आवरेना. दुकानदारानं मान दुसरीकडे वळवली.

कुर्ता बरोबर बसत होता. रंग हवा तोच होता. टाक्यात खोड नव्हती. बाईंनी तो पुन्हा एकदा उलटा केला, उजेडात धरला, काहीतरी सापडेल म्हणून बाही ओढून पाहिली. काही सापडलं नाही.

“पसंद आ गया न, अम्मा? नागपुर का है तो हम ही भिजवा देंगे. पता लिखवा दीजिए.”

हर्षवर्धनचा चेहरा उजळला. “हे बेस्ट आहे, आई. रेवडी, अत्तर, सगळं एकाच पार्सलमध्ये घालून टाकू. तुझ्या डोक्यावर ओझं नको. हाँ, लिखिए भैया, श्रीमती शर्मिष्ठा...”

बाईंनी कुर्त्यावर हात ठेवला. “नको. बांधून द्या. मी घेऊन जाणार.”

“अगं, कुरिअर दारात नेऊन देतं हल्ली.”

“कुर्ता जाईल रे. मी माझं सांगतेय. मला जायचंय.”

दुकानदार घडी घालायच्या कामाला लागला. सानिका मोबाईलमध्ये पाहू लागली.

“आणि परत पडलीस तर?” हर्षवर्धन हळू आवाजात म्हणाला. “शर्मिष्ठामावशी घरात नसल्या तर?”

“तू चार दिवस ये, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून दे. एक किल्ली शर्मिष्ठेकडे ठेवते.”

“म्हणजे तुला आमच्याकडे करमत नाही.”

“करमतं. पण तुम्ही तिघं बाहेर पडलात की दिवसभर बेल वाजत नाही. तिथं कुणी वाटीभर डाळीचं पीठ मागायला येतं, कुणाला कुर्ता हवा असतो. इथं कुणाला माझ्याकडून काही नको असतं, हर्ष.”

“पापा, वो ग़लत नहीं बोल रहीं,” सानिका म्हणाली, मोबाईलवरून नजर न उचलता.

“कपाट ठरवून आलोय आपण,” तो नुसतंच म्हणाला.

“असू दे. थंडीत येईन तेव्हा लागेल.”

परतताना गाडीत बाईंनी पुडकं मांडीवर घेतलं, बाजूला ठेवलं, परत मांडीवर घेतलं. पोराचं मन मोडलं, आणि दांड्यावरूनही हात निसटू शकतो, हे त्यांना कळत होतं. आत्ताही सांगता आलं असतं, राहते म्हणून. पुलावर वाहनं तुंबली होती. त्यांनी पुडक्याची गाठ घट्ट केली.

महानगर कॉलनीच्या सिग्नलला हर्षवर्धननं आरशातून मागे पाहिलं.

“तिकीट खालच्या बर्थचं काढू ना?”

“खालच्याच.”

रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी वही उघडली आणि दुपारच्या मजकुराखाली लिहिलं:

मोठी बॅग माळ्यावरून काढली. चेन अडकते. मेणबत्ती घासली, आता सरकते.