रस्ता झाला की

"खड्ड्यांत गाडीचं पोट घासतं, अण्णा. रस्ता झाला की लगेच येतो," मुलगा दरवेळी फोनवर म्हणायचा.

अण्णा हट्टाला पेटले. शेडमागे गंज खात पडलेला, त्यांच्या वडिलांच्या काळचा, रस्ता सपाट करायचा ग्रेडर त्यांनी बाहेर ओढला. दोन वर्षं ते त्याच्या नटांशी, पंपाशी झगडत राहिले. शिव्यांना तर सुमारच नव्हता. "या धुडाशीच लग्न करायचं होतं," म्हणत बायको चहा तिथेच आणून द्यायची.

अखेर इंजिन धडधडलं. पातं खाली सोडून अण्णांनी घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट तळहातासारखी सपाट केली आणि हातही न पुसता फोन लावला.

मुलगा म्हणाला, "सध्या काम फार आहे हो. बघू."

त्यानंतर बायको त्या मोकळ्या वाटेकडे बघत दारातच बसून राहायची. जेवणावरचं तिचं लक्ष उडालं. एका सकाळी अण्णा पुन्हा ग्रेडरवर चढले, पात्यापुढचे लोखंडी दाते जमिनीत रोवले आणि सगळा रस्ता उखडून टाकला.

"रस्त्याची पुन्हा वाट लागली रे," त्यांनी फोनवर सांगितलं.

मुलाचा आवाज एकदम मोकळा झाला. "असू दे, अण्णा. रस्ता झाला की लगेच येतो."

"येतो म्हणाला," अण्णांनी बायकोला सांगितलं.