घोंगडीखालचं हरीण

निजामाच्या राज्यात मी परंड्याला मास्तर होतो. म्हणजे जगाला शहाणं करायचा मला पगार मिळत असे. एका सकाळी वाटेत बाभळीच्या कुंपणात पाय अडकलेलं हरीण दिसलं. पाय रक्तानं भिजला होता. "बाळा, भिऊ नकोस," म्हणत मी जवळ गेलो, तसं ते इतके झटके देऊ लागलं की पाय मोडतोय असं वाटलं. मी आणखी प्रेमानं समजावलं. त्यानं लाथ झाडली आणि माझी रुमी टोपी काट्यांत गेली.

तेवढ्यात एक धनगर आला. न बोलता त्यानं आपली घोंगडी हरणाच्या डोक्यावर टाकली. हरीण गप्प झालं.

"मास्तर, तुमची माया त्याला दिसत न्हाय," काटे सोडवत तो म्हणाला. "तुमचं त्वांड तेवढं दिसतंय."

पाय सुटला. "घरी नेऊन औषधपाणी करतो," मी म्हणालो.

त्यानं हाडावरून बोटं फिरवली. "हाड शाबूत हाय. घरी न्याल तर भ्यानंच मरंल. जाऊ द्या."

घोंगडी काढताच हरीण लंगडत पळालं.

धनगराचं नाव विचारायचं राहिलंच. पण अजूनही मी कुणाच्या मदतीला निघालो, की बायको आतून विचारते, "अहो, घोंगडी घेतली का?"