अकरावा रकाना

फॉर्मच्या अकराव्या रकान्याशी माझं डोकं फिरलं. आधीचे दहा मी झटपट भरले होते. उमेदवाराचं नाव, विषय अणुभौतिकी, जळगावच्या कॉलेजातली नोकरी, सगळं. अकरावा म्हणे, "शिफारस करणाऱ्याने उमेदवारासोबत एकही शोधनिबंध लिहिलेला नसावा." अरे, मग शिफारस करायची कुणी? बसस्टँडवरच्या केळीवाल्याने?

फॉर्म होता अणुभौतिकीवाल्यांच्या एका मोठ्या संस्थेचा. तिची फेलोशिप म्हणजे पैसा नाही, नुसता मान. नाव फेलोनेच सुचवायचं, आणि ज्याचं सुचवायचं तो नोकरीत असायला हवा. जळगाव-धुळ्यात फेलो मी एकटा. माझ्या विभागातल्या मॅडम मेअखेर निवृत्त होणार होत्या. यंदा नाही तर कधीच नाही.

मॅडमनी काय केलं ते सांगतो. जमिनीतून रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू वर येतो आणि घरात साठतो. तो मोजायला प्लास्टिकच्या कपात फिल्मचा तुकडा लावून कप छताच्या वाशाला तीन महिने टांगून ठेवतात. शिंदखेड्यापासून बोदवडपर्यंत मॅडमनी एसटीने फिरून असे कप टांगले. सोनगीरला एका आबांनी कपात काय आहे म्हणून विचारलं, "बाई, यामा काय शे?" मॅडम त्याच भागातल्या, तिथल्या तिथे अहिराणीत समजावून मोकळ्या झाल्या. नाहीतर परक्या बाईला स्वयंपाकघराच्या वाशाला हात लावू देतं कोण? मग त्या फिल्म कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात ठेवायच्या, आणि रेडॉनमधून सुटलेल्या एकेका कणाने पाडलेली खूण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. जळगावचा एप्रिल, वीज गेलेली, आणि बाई उजेडासाठी खिडकीशी सूक्ष्मदर्शक ओढून बसलेली. डाव्या मनगटावर सोड्याने भाजल्याचा डाग अजून आहे.

अशा बाईचं नाव, निबंधांवर माझंही नाव आहे म्हणून, एका रकान्यापायी अडावं? मी संस्थेत फोन करून भांडलो. तिकडच्या क्लार्कने नियम पुन्हा एकदा वाचून दाखवला, जसा काही मी निरक्षर. मग पुण्यातल्या एका फेलोला, जुन्या ओळखीच्या माणसाला, फोन लावला. म्हटलं, तुम्ही सुचवा.

तो हसला. "अहो, रेडॉनचं काम तर तुमचं ना? प्रत्येक निबंधावर पहिलं नाव तुमचं. तुमची फेलोशिपही त्यावरच झाली. आता त्याच कामावर दुसऱ्याला कसं सुचवायचं?"

मी मोबाइल टेबलावर आपटला. तळपायाची आग मस्तकात गेली. हा कोण मला सांगणारा! तासभर एकटाच धुसफुसत बसलो. आणि मग लक्षात आलं, की तो खोटं काहीच बोलला नव्हता.

आमच्याकडे रीतच तशी. विभागप्रमुखाचं नाव पहिलं. मी कनिष्ठ होतो तेव्हा आमच्या प्रमुखांना पाठीमागे 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणायचो, दातओठ खायचो. मग ती खुर्ची मला मिळाली. मॅडमनी पहिला निबंध आणला तो माझं नाव वर टाकूनच. मी 'कशाला?' एवढंही विचारलं नाही. सही ठोकली. पुढच्या प्रत्येक निबंधावर ठोकली.

शेवटी पत्र लिहिलं. पुण्याच्या फेलोने ते फॉर्मला जोडावं म्हणून. "निबंधांवर माझे नाव पहिले असले तरी हे सर्व काम मॅडमनी माझ्या मार्गदर्शनाखाली एकहाती केले आहे." खरं सांगतो, लिहिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. एवढं मोठं मन कोण दाखवतो आजकाल?

ते घेऊन प्रयोगशाळेत गेलो. मॅडम उरलेले कप वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरत होत्या. त्यांनी पत्र उभ्यानेच वाचलं. टेबलावरचं लाल पेन उचललं आणि 'माझ्या मार्गदर्शनाखाली' यावर काट मारली.

"सर, हाई खोटं शे."

इतक्या वर्षांत माझ्याशी त्या कधी अहिराणीत बोलल्या नव्हत्या.

"अहो मॅडम, पण..."

"पण काय? वीस वर्षं वाट पाहिली, की कधीतरी तुमची तुम्हाला लाज वाटेल. तीही त्या फॉर्मने आणली." त्यांचा आवाज चढला होता. "एक कप सांगा, सर. कुठल्या गावात, कुणाच्या घरी, कुठल्या खोलीत. एकच सांगा."

मी एकदा गेलो होतो त्यांच्यासोबत, सोनगीरला. त्या घरी आम्हाला वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली होती. भरीत झणझणीत होतं, मी दोनदा मागून घेतलं. घर कुणाचं होतं, कप कुठे टांगला, काही आठवेना. नुसतं भरीत आठवत राहिलं.

ते दोन शब्द काढून पत्र पुण्याला पाठवलं. त्या माणसाने मॅडमचं नाव मुदतीत सुचवलं. मॅडम निवृत्त झाल्या, निकाल अजून यायचा आहे. माझ्या केबिनच्या पाटीवर नावाखाली 'फेलो' तसंच आहे. कुणी काढायला आलं नाही, आणि ते स्वतः परत करायची हिंमत मला आजपर्यंत झालेली नाही.