कोरम नसलेली सभा

मोठ्या रस्त्यासाठी जमीन घ्यायला आलेले तालुक्याचे साहेब रिकाम्या सतरंजीकडे बघत बसले होते. सरपंच आणि ग्रामसेवक सोडून सभेला कुणीच आलं नव्हतं. मी ग्रामपंचायतीत शिपाई आहे. सभेचं घरोघरी सांगणं, सतरंजी टाकणं, पाणी भरणं हे माझं काम.

"कोरम होत न्हाई. मंग झाली सभा रद्द," सरपंच खुशीत म्हणाले.

कोरम म्हणजे सभेला लागणारी कमीत कमी माणसं. आमच्या गावाला हे चांगलं ठाऊक. मागं वीजकेंद्रासाठी गायरान मागितलं, तेव्हा अख्खं गाव दारं लावून बसलं. शेवटी वरचे लोक कंटाळून परतूरकडे गेले. कुणाला तोंडावर नाही म्हणावं लागलं नाही.

साहेब म्हणाले, "मोठ्या रस्त्याला आता ग्रामसभेची संमती लागत नाही. नियम बदललाय. आज संध्याकाळपर्यंत लेखी हरकत आली तरच सुनावणी. नाहीतर मान्य धरतात." नकाशावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ही विहीर कुणाची? रस्ता हिच्यावरूनच जातोय. हरकत दिली तर लाईन सरकवायचं बघता येईल. बोलवा त्यांना."

विहीर रुक्मिणकाकूंची. काका वारल्यावर काकूंनी मोसंबीची बाग त्याच पाण्यावर जगवली. मी पळतच गेले.

काकूंनी दाराच्या फटीतून विचारलं, "किती आले?"

"कुणीच न्हाई. पण काकू, तुम्ही चला. हरकत दिली तर विहीर वाचंल."

"साहेबानं चहा पाजला वाटतं हिला!" आतून त्यांच्या जाऊबाई हसल्या.

"खरंच सांगून राह्यले. नियम बदललाय."

"गेलं की सही घेतेत. सही केली की गेली जमीन. तू बी घरी जाऊन बस."

मोठ्यांना उलटून बोलायची मला सवय नाही. तरी मी पुन्हा सांगितलं. काकूंनी कडी लावली.

साहेब अंधार पडेपर्यंत थांबले आणि गेले.

आता विहिरीवर रस्त्याचा भराव आहे. मोबदला मिळाला, पण उरलेली बाग पाण्यावाचून वाळली. काकू मला अजून विचारतात, "आपण तर सभा होऊच दिली न्हाई. मंग रस्ता कसा झाला?" मी दरवेळी सगळं सांगते. त्यांना ते पटत नाही, आणि मलाही पुरतं पटलेलं नाही.

हल्ली सभेचं सांगायला निघायच्या आधी मी ग्रामसेवकांना विचारून घेते, जे येणार नाहीत त्यांचं काय धरणार, हो की नाही? ते कळलं की मगच घरोघरी जाते.