बदलाचं कारण

न्यूझीलंडमधल्या लोअर हटच्या प्रयोगशाळेत सुलेखा देवधरला सगळे 'सू' म्हणत. पहिल्याच दिवशी साहेबानं, म्हणजे ग्रँटनं, तिचं नाव छाटून टाकलं होतं. मराठीत लहान मुलं कशाला 'सू' म्हणतात, हे त्याला सांगायचं तिनं अकरा वर्षं टाळलं. २०१६ साली नमुन्यांच्या नोंदींसाठी नवं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा तिच्या लॉगिनलाही तेच नाव चिकटलं.

मधातल्या कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजलं की त्यात उसाची साखर घातली आहे का ते कळतं. सुलेखा पुण्याची एम.एस्सी.; नमुने नोंदवणं तिचं काम. सॉफ्टवेअर काही विसरत नसे. कुणी काय बदललं, किती वाजता, आणि 'बदलाचं कारण', सगळं त्यात कायमचं राहायचं. माणसं मात्र आळशी. वजनकाट्याजवळचा कॉम्प्युटर सकाळी सातला सुलेखा सुरू करी, आणि दिवसभर सगळे तिच्याच लॉगिनमध्ये हात घालत. तिनं दोनदा बजावलं. "रिलॅक्स, सू," एवढंच उत्तर मिळालं.

मार्चमध्ये एका मधवाल्याच्या चोख मधात साखर निघाली. तो खवळला. फेरतपासणीत कळलं, दोन नमुन्यांचे क्रमांक अदलाबदल झाले होते. शुक्रवार, दहा वाजून बारा मिनिटं, सू. कारणाच्या चौकटीत नुसतं एक टिंब.

"होतं असं," ग्रँट म्हणाला. "एक लेखी ताकीद घे, सही कर, विषय संपला."

घरी लेक वल्लरी म्हणाली, "आई, जस्ट साइन इट. नॉट अ बिग डील."

"तुझ्या आईला निष्काळजी ठरवतायत, आणि बिग डील नाही?" सुलेखानं कुकर आदळला. आणि तिथंच तिचा हात थांबला. शुक्रवारी दहा म्हणजे मॉर्निंग टी, सगळ्यांनी टी-रूममध्ये जमून खायची वेळ!

पहिल्या वर्षी 'ब्रिंग अ प्लेट', म्हणजे घरून काहीतरी खायला आण, असं म्हटल्यावर ती खरंच रिकामी प्लेट घेऊन गेली होती. महिनाभर हसले सगळे. तेव्हापासून भरल्या प्लेटीशिवाय ती कधी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी टी-रूममध्ये सगळ्यांसमोर तिनं विचारलं, "त्या शुक्रवारी दहा ते साडेदहा मी इथं नारळाच्या वड्या वाटत होते. तुम्ही आठ जण खात होतात. नवव्याच्या चार वड्या मी फॉइलखाली झाकून ठेवल्या. ग्रँट, कुठे होतास तू?"

"खरंच की," म्हातारी मार्गरेट म्हणाली. "माझ्यासमोर झाकल्या तिनं."

ग्रँट कानापर्यंत लाल झाला. "रिपोर्ट पाठवायची घाई होती. लेबलं उलटी लागलीत असं वाटलं मला. ओके, नो वरीज. ताकीद रद्द."

"वरीज आहेत. नोंद दुरुस्त कर. तुझ्या लॉगिनमधून, आत्ता."

तो कॉम्प्युटरशी बसला. क्रमांक बदलले आणि कारणाच्या चौकटीत पुन्हा टिंब दिलं.

"टिंब नाही चालणार. लिही, आधीची चूक मी सुलेखाच्या लॉगिनमधून केली."

"पण सू..."

"सुलेखा. तीनच अक्षरं आहेत. आणि सू म्हणजे आमच्याकडे काय, ऐकायचंय?" तिनं सांगितलं. मार्गरेटच्या नाकातून चहा आला. सुलेखा हसली नाही.

ग्रँटनं पूर्ण वाक्य लिहिलं. सॉरी मात्र म्हणाला नाही.

त्या दिवसापासून सुलेखा दोन पावलं लांब गेली तरी स्क्रीन बंद करून जाई. कुणी कुरकुरलं की म्हणे, "आपापलं उघडा."